साळवेकाकांचा पाऊण फेरा

साळवेकाकांच्या घरी पाणी पिऊन झाल्यावर बाटलीचं झाकण तुम्ही जोर लावून आवळलंत, तर त्या घरात तुम्हाला चहा मिळणार नाही. मी ऐकीव सांगत नाही. माझ्यासमोर विम्याच्या एका एजंटाचं असं झालंय. बिचाऱ्यानं बोलण्याच्या भरात झाकण पिळलं. काकांनी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली, झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि बाटली त्याच्या नाकासमोर धरली.

"बाटलीचा आन् तुमचा काही झगडा हाय का?"

"नाही हो."

"मंग कामून तिची मान पिळता? टेकलं की पाऊण."

आतून काकूंनी विचारलं, "चहा टाकू का?" काका म्हणाले, "नको. निघालेत ते."

टेकलं की पाऊण. साळवेकाकांचं सगळं तत्त्वज्ञान या तीन शब्दांत आहे. कुठलीही फिरवून बसवायची वस्तू घ्या. तिची रबराची चकती जागेवर टेकली, की तिथून पुढं फक्त पाऊण फेरा. त्याच्या पुढं जो आवळतो त्याचा आपल्याच कामावर भरवसा नसतो, असं काकांचं म्हणणं. चौतीस वर्षं त्यांनी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत फिटर म्हणून काढली. रिटायर झाल्यावर कंपनीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते खिळ्यावर लावताना काकांनी खिळासुद्धा पूर्ण ठोकला नाही म्हणतात.

आमच्या गल्लीतले सगळे नळ त्यांच्या हाताखालून गेलेत. कुणाचा नळ गळायला लागला की काका वायसर घेऊन हजर. काम चोख, आणि बदल्यात एकच अट, भाषण ऐकायचं. कॉलनीच्या मीटिंगमध्ये कुणी बोलत सुटला की मागच्या खुर्चीतून आवाज येतो, "टेकलं, टेकलं! आता पाऊण." लग्नाकार्यात वधूवरांना आशीर्वाद द्यायला गेले तरी तेच. "भांडा की. कोण नको म्हंतो? पण टेकल्यावर पाऊण फेरा. त्याच्या पुढं आटे जातात. आटे गेले की काहीच बसत नाय."

लोक हसतात. हसू द्या. त्यांनी बदललेला वायसर आजवर एकदाही गळलेला नाही, हे हसणाऱ्यांनी आधी ध्यानात घ्यावं.

मी त्यांचा शेजारी. सिडकोतल्या आमच्या रो-हाऊसमध्ये त्यांच्या आणि माझ्या घराची मधली भिंत एकच. मूळचा मी फुलंब्रीकडचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि दारावरच्या पाटीवर नावापुढं बी.कॉम. लिहिलंय. कुणाला ती शेखी वाटत असेल तर वाटू द्या. मिळवलंय म्हणून लिहिलंय. मी राहायला आलो त्या दिवशी काकांनी पाटी बोटानं वाचली आणि विचारलं, "हे बी.कॉम. म्हंजे विंग्रजी येतं ना?"

म्हटलं, "येतं की."

ते घरात गेले आणि गाडीचं माहितीपुस्तक घेऊन आले. कडा मळलेल्या, पानं तेलकट. एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "वाच. मोठ्यांदा वाच." मी वाचलं आणि मराठीत सांगितलं, की ऑइल फिल्टर हातानं बसवावा आणि रबर टेकल्यानंतर पाऊण फेरा फिरवावा.

काका तसेच रस्त्यात गेले. कोपऱ्यावर नईमभाईंचं गॅरेज आहे. तिकडं तोंड करून ओरडले, "नईमभाई! ऐकलं का? पुस्तकात लिव्हलंय! पदवीधरानं वाचलंय!"

नईमभाई गाडीखालून म्हणाले, "हौ साब, मान गए. अब सोने देव."

तेव्हापासून मी पदवीधर. माझं खरं नाव सुधाकर आहे, पण गल्लीत ते फक्त पोस्टमनला आणि काकूंना माहीत असावं.

आता गाडीविषयी. गाडी लाल आहे, छोटी आहे, आणि एकवीस वर्षांत काकांच्या घराबाहेरच्या कुणाचा पाना तिला लागलेला नाही. नईमभाईंनी बरीच वर्षं आस धरली होती. "साळवे साब, तुमची गाडी पडदानशीन आहे का? एक बार बोनट तर दिखाव." काका म्हणायचे, "कंपनीत सायबाच्या मशिनी दुरुस्त केल्या. ही माझी हाय. हिच्यात माझा हात चालंल."

या हट्टाचं मूळ मला एकदाच कळलं. गाडी घेतल्यावर पहिल्याच रविवारी काकांनी ती आपल्या गावी नेली होती. त्या गावात पारासमोरून जाताना त्यांच्या वडिलांना पायातल्या वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. काकांनी गाडी बरोबर त्या पारासमोर उभी केली आणि खाली उतरले.

मी विचारलं, "दार चांगलं आपटून लावलं असेल ना काका?"

"आपटायचं कामून? हळू टेकवलं. आवाजाची गरज नव्हती. लाल हाय ती."

हे ऐकल्यापासून मी त्या गाडीला हसलेलो नाही. घराण्यातली पहिली गोष्ट म्हणजे काय असते, ते माझ्या पाटीला विचारा.

काकांखेरीज त्या गाडीखाली जायचा हक्क एकाच माणसाला होता. त्यांची मुलगी, प्रज्ञा. आठ वर्षांची असल्यापासून ती बापाच्या शेजारी पोत्यावर उताणी पडून कुठला नट कुठं जातो ते बघायची. काकू ओरडायच्या, "पोरीच्या वेण्या तेलात चालल्या!" काका म्हणायचे, "डोक्यालाच तेल हाय ना? चालतं." ती पोरगी पुढं मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि पुण्याला नोकरीला लागली. दर सहा महिन्यांनी गाडीचं तेल बदलायला मात्र यायचीच. दिवाळी चुकेल, पण तेल नाही.

या जानेवारीत ती आली. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. "तूच बसव यंदा," काका म्हणाले. तिनं नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं तेल लावलं, हातानं फिल्टर बसवला, बाहेर आली, आणि उठताना तिला उजव्या दारावरचा लांबलचक चरा दिसला.

"हे काय?"

काकूंनी सांगून टाकलं. "डिव्हायडरला घासली. जालना रोडवर. मी शेजारीच होते, अजून छातीत धडधडतं."

मी तेव्हा तिथंच होतो, त्यामुळं पुढचं मला शब्दाशब्दानं आठवतं.

"पप्पा, गाडी विकून टाका आता."

"काय म्हन्लीस?"

"डोळ्याचं काम झालंय तुमच्या. मी तिकडं लांब. रिक्षा बोलवत जा ना."

"मला चालवता येत नाय, असं म्हन."

"मी असं कुठं म्हणतेय?"

"म्हन की! बापाला शिकवण्यासाठीच शिकवली तुला."

प्रज्ञा कुणाची मुलगी आहे ते तिच्या नाकाच्या शेंड्यावरून कळतं. तो लाल झाला. ती म्हणाली, "ठीक आहे. हा फिल्टर मी बसवलाय. पुढच्या खेपेला पाना न लावता, कुणाची मदत न घेता, तुमच्या हातानं काढून दाखवा. निघाला तर गाडीबद्दल चकार शब्द काढणार नाही. नाही निघाला तर विकायची. कबूल?"

"कबूल! आन् तवर मला फोन करायचा नाय."

"कबूल!"

ती संध्याकाळच्या ऐवजी दुपारच्याच बसनं गेली. जगाला पाऊण फेरा शिकवणारा माणूस त्या दिवशी स्वतः दोन फेरे जास्त आवळून बसला, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. उत्तर मिळालं, "तू हिशेबाचा माणूस. फेऱ्याचं तुला काय कळतं?"

त्यानंतर सात महिने बापलेकीचं बोलणं बंद. म्हणजे बोलणं होतं, पण काकूंमधून. काकूंच्या मोबाइलवर प्रज्ञाचा फोन आला की काका भिंतीकडं तोंड करून बसत आणि भिंतीला सांगत, "पुण्यात पाऊस हाय म्हणं. काही लोक छत्री नेत नाय." काकू फोनमध्ये म्हणत, "ऐकलंस ना? मी परत नाही सांगणार." तिकडून प्रज्ञा म्हणे, "आई, ज्यांना डोळ्यात थेंब टाकायचा आळस आहे त्यांना सांग, नेली छत्री." मला हे भिंतीतून सगळं ऐकू यायचं. बी.कॉम.च्या तीन वर्षांत मी इतकं लक्ष देऊन काही ऐकलं नव्हतं.

जुलैत सहा महिने भरले. तेल बदलायचा दिवस काकांनी कधी एका रविवारानं पुढं ढकलला नव्हता. यंदा एक रविवार गेला, दोन गेले, चार गेले. कधी ढग होते, कधी पोतं ओलं होतं. शेवटी ऑगस्टातल्या एका रविवारी सकाळी हाक आली, "पदवीधर! साक्षीला ये!"

गाडी त्यांनी स्वतः बनवलेल्या लाकडी उतारावर चढवून ठेवली होती. काका पोत्यावर उताणे होऊन आत सरकले. आधी खालचा नट काढून सगळं जुनं तेल पातेल्यात सोडलं. मग फिल्टरला हात घातला. फिल्टर म्हणजे एक पत्र्याचा डबा असतो, तांब्यापेक्षा थोडा लहान, इंजिनाला आट्यांवर बसवलेला. काका खालून म्हणाले, "सांग, कुठं फिरवल्यावर निघंल?"

मी वरून वाकून बघितलं आणि आत्मविश्वासानं डावीकडं हात केला.

"शाब्बास! आवळलास की! तू वरून बघतोस, मी खालून. तुमच्या शिकलेल्यांचं घड्याळ कायम भिंतीवर असतं. जमिनीतून बघ एकदा."

मी गुडघ्यावर बसून बघितलं. खरंच सगळं उलटं होतं.

काकांनी जोर लावला. फिल्टर हलला नाही. कोरडं फडकं गुंडाळून लावला, नाही. पॉलिश पेपर गुंडाळून लावला, नाही. सायकलची जुनी ट्यूब कापून डब्याभोवती गुंडाळली, दात खाल्ले, पाय ताणले. नाही. अर्ध्या तासानं ते बाहेर आले. तोंड घामानं निथळत होतं, पण त्यावर हार कुठं दिसेना. उलट ऐट होती.

"पोरीनं आवळलाय," ते म्हणाले. "माझीच पोरगी. बघ काय हात हाय!"

तेवढ्यात नईमभाई आले. त्यांनी आधी पातेल्यातलं काळं तेल बघितलं, मग गाडीखाली वाकून फिल्टर बघितला, आणि कपाळाला हात लावला.

"साळवे साब! पयले फिल्टर ढीला करते, बाद में तेल उतारते! अब ये गाडी गॅरेज तक भी नै जा सकती."

हे बरोबर होतं. इंजिनात तेल नाही, म्हणजे गाडी चालू करायची सोय नाही. नट लावून नवं तेल भरलं तर चालू झाली असती, पण जुन्या फिल्टरवर नवं तेल भरणं काकांच्या लेखी आंघोळ करून मळका सदरा घालण्यासारखं. चौतीस वर्षांच्या फिटरनं असं उलट्या क्रमानं काम केलं होतं, कारण फिल्टर निघणार नाही ही शक्यता त्यांनी धरलीच नव्हती. निदान मी तेव्हा तसं समजलो.

नईमभाईंनी खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. "फिकर नक्को. डब्ब्यात आरपार ठोकता हूं, दांडा बन जाता, घुमाया की बाहर. दो मिनट."

"खबरदार!" काका गाडीच्या आडवे उभे राहिले. "हातानं बसवलाय, हातानं निघंल. न्हाई निघाला तर राहील तिथंच."

"लेकिन साब..."

"गाडी हाय जागेवर, मीबी हाय जागेवर. तुमाला कुठं जायचंय का?"

सोमवारी सगळ्या गल्लीला कळलं. पैज आधीच सगळ्यांना माहीत होती. आता येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "काय साळवे, निघाला का?" काकांचं एकच उत्तर, "निघंल. घाई फिल्टरला नाय, मला नाय. तुमालाच दिसती." समोरच्या घरातले एक निवृत्त साहेब तर रोज फिरायला जाताना म्हणायचे, "गाडीला गिऱ्हाईक बघू का?" मंगळवारी माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, तुमच्या गाडीचं बोनट कुठून उघडतं तेवढं दाखवा, मग बोला." साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून फिरायचा रस्ता बदलला. मला वाईट वाटलं नाही. अजून वाटत नाही.

काका मात्र रोज सकाळी पोतं टाकायचे, अर्धा तास गाडीखाली जायचे, बाहेर येऊन तेच सांगायचे, "पोरीचा हात. ऐकतच नाय." हे सांगताना आवाज असा, जणू ती जिल्ह्यात पहिली आलीय.

गुरुवारी काका डोळे दाखवायला दवाखान्यात गेले. चालत गेले, रिक्षा नाहीच. ते वळणावरून दिसेनासे झाले तशा काकू माझ्या दारात आल्या. हातात लोणच्याची बरणी.

"सुधाकर, हे उघडून दे रे."

मी उघडली. सहज निघाली. काकू बरणीकडं बघत उभ्या राहिल्या.

"काल ह्यांच्याकडून निघाली नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मी बघत नाही असं वाटलं त्यांना. दोन्ही हातांनी धरली होती. मग फडताळात ठेवून दिली आणि म्हणाले, लोणचं तब्येतीला वाईट." त्यांनी गाडीकडं बघितलं. "जरा बघतोस का? खरंच अडकलाय का तो डबा?"

मी पोत्यावर उताणा झालो. आयुष्यात पहिल्यांदा गाडीखाली गेलो. वर अंधार, मातीचा आणि जुन्या तेलाचा वास. चाचपडत फिल्टर हाताला लागला. या वेळी घड्याळ जमिनीतून बघितलं, आणि फिरवला.

तो फिरला.

जोरसुद्धा लावावा लागला नाही. माझा हात फायली उचलणारा आहे, पाने फिरवणारा नाही. तरी फिरला. दोन बोटं सरकला आणि वरून तेलाचा एक थेंब माझ्या हातावर पडला. मी तसाच पडून राहिलो. प्रज्ञानं काही आवळलं नव्हतं. बापानं शिकवलं तेवढंच तिनं फिरवलं होतं.

मी परीक्षेत कधी कॉपी केली नाही. आमच्या केंद्रावर खिडकीतून चिठ्ठ्या यायच्या, तेव्हाही केली नाही. पण त्या दिवशी मी तो फिल्टर परत होता तसा केला नाही. सैल केला, तसाच सोडला आणि बाहेर आलो. आता कुणीही हात लावला असता तरी निघाला असता. काकूंना मी काही सांगितलं नाही, त्यांनी काही विचारलं नाही. बरणी घेऊन घरात गेल्या.

काका अकराच्या सुमाराला आले. डॉक्टरांनी नवे थेंब दिले होते, ते खिडकीत ठेवले, आणि सदरा बदलून पोत्याकडं निघाले. मी भिंतीपाशी उगाच वर्तमानपत्र उघडून उभा.

"आज निघेल बघा काका," मी म्हटलं. "मला वाटतंय."

"तुला कधीपासून वाटाया लागलं?" म्हणत ते आत सरकले.

मी वाकून बघत होतो. त्यांचा उजवा हात वर गेला. फिल्टरवर टेकला. आणि थांबला. बराच वेळ थांबला. मी वाट बघत होतो, आता आरोळी येईल, गल्ली गोळा होईल, नईमभाईंना हाक जाईल. मग हात फिरला.

"काका! उलटं फिरवताय! आवळतोय तो!"

"म्हाईतीय मला कुठं फिरतोय ते."

त्यांनी फिल्टर सावकाश होता तिथं नेऊन बसवला. बाहेर सरकले, पोत्यावरच उठून बसले, आणि माझ्याकडं बघितलं.

"पदवीधर, तुझ्या बाहीला तेल लागलंय."

मी बाही बघितली. लागलं होतं.

"काका, मी फक्त..."

"मला फुकटचं नको हाय. जवा घरात कायबी नव्हतं, तवाबी कुणाचं फुकटचं नाय घेतलं." रागावून बोलत नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "फोन लाव तिला. माझे हात तेलाचे हायेत."

मी माझ्या मोबाइलवरून प्रज्ञाला फोन लावला, आवाज मोठा केला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हॅलो, पदवीधर दादा? आई बरी आहे ना?"

"आई बरी हाय," काका म्हणाले.

तिकडं मागं कुठलंतरी यंत्र चालल्याचा आवाज येत होता, तो लांब गेला. ती बाहेर चालत आली असावी.

"पप्पा?"

"फिल्टर नाय निघाला."

"...पाना लावला होता?"

"नाय."

"कुणी हात लावला?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. "लावला एका शहाण्यानं. मी परत जागेवर बसवला. ते धरायचं नाय. माझ्या हातानं नाय निघाला. कबूल म्हंजे कबूल. फकस्त गिऱ्हाईक मी पारखून घेईन."

मला वाटलं ती आता पैज जिंकल्याचं काहीतरी बोलेल. तिच्या बापाची मुलगी आहे, बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "पप्पा, मी जास्त नव्हता आवळला. खरंच. तुम्ही सांगता तेवढाच."

"म्हाईतीय."

"मग?"

"पहिल्याच दिवशी कळलं मला. तुझा हात मला कळत नाय का?"

म्हणजे रविवारपासून गल्लीला जे सांगत होते ते त्यांना स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. रोज सकाळी ते पोतं टाकत होते ते फिल्टरसाठी नव्हतंच. आपलं मनगट आज काही वेगळं सांगतं का, तेवढं बघायला आत जात होते.

"हात दुखतो का पप्पा?"

"नाय."

काकूंनी दारातून नुसतं बघितलं.

"लई नाय," काका म्हणाले.

"कधीपासून?"

"गेल्या दिवाळीपासून."

"दिवाळीपासून? म्हणजे जानेवारीत मी आले तेव्हा..."

"मंग तुला कामून बसवायला सांगितला असंल? डोळ्याचं निमित्त व्हतं."

मग प्रज्ञा म्हणाली, "मी शनिवारी येते. आपण डॉक्टरकडं जाऊ. गाडीचं मग बघू."

"गाडीचं कबूल केलंय मी."

"बघू म्हटलं ना!"

"सकाळच्या बसनं ये," काका म्हणाले. "गाडीतलं तेल काढून ठेवलंय. न्हाईतर स्टँडवर घ्यायला आलो असतो."

"अहो, नका येऊ. रिक्षानं येईन मी."

"रिक्षा कामून? मी येतो की. चालत येतो." त्यांनी उजवं मनगट डाव्या हातात धरलं. "बॅग तेवढी तूच धर."